पर्याय अ : गाढ शोक

लव्हॉन क्रूगर साहित्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली ती दुःखामुळे. तिला दुःख झालं होतं असं नव्हे. ऐंशीपैकी बत्तीस प्रश्नांना तिने तेच उत्तर दिलं होतं. कवितेत बोलणाऱ्याच्या मनात काय आहे? दुःख. नदीचं वर्णन करणाऱ्या लेखकाचा सूर कसा आहे? दुःखी. एका उताऱ्यात एक म्हातारा आपल्या बदकाला दम भरत होता, तिथेही तिने 'अनावर शोक' वर खूण केली. तेवीस वर्षं हॅगस्ट्रॉम अंत्यविधीगृहात काढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करायची? तिथल्या दारातून येणारा प्रत्येक माणूस डोळे पुसतच आत यायचा. पास व्हायला पन्नास गुण लागत होते, तिला अठ्ठेचाळीस मिळाले.

ही परीक्षा म्हणजे कॉलेजची पायरी न चढता कॉलेजचे क्रेडिट मिळवायची सोय. संगणकासमोर दीड तास बसायचं, कविता आणि उतारे वाचून खुणा करायच्या, पास झालात की तीन क्रेडिट पदरात. लव्हॉनने वीस वर्षं संध्याकाळचे वर्ग करून सत्तावन्न जमवले होते. अंत्यविधी संचालकाचा परवाना द्यायला राज्याच्या मंडळाला साठ हवे होते. प्रेत धुणं, त्याच्या गालांना रंग देणं, भांडणाऱ्या भावांना शवपेटीच्या दोन बाजूंना उभं करणं, हे सगळं तिला झोपेतही जमलं असतं. अडलं होतं ते कवितेपाशी. कविता न समजल्यामुळे आजवर कुठलं प्रेत पुरायचं राहिलंय, असं तिने मंडळाला फोन करून विचारलंसुद्धा. त्यांनी तिला वेबसाइट बघायला सांगितली.

घाई होती ती मालकांमुळे. एल्डन हॅगस्ट्रॉम एकोणऐंशी वर्षांचे झाले होते, हात थरथरत होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. लव्हॉनला परवाना मिळाला तर जागा तिच्या हवाली, नाहीतर ओमाहाच्या कंपनीला विकून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. त्या कंपनीची अशी सव्वीस अंत्यविधीगृहं होती. आमच्या ट्विन एल्म गावात ते फक्त एक फोन ठेवणार होते आणि माणूस मेला की त्याला सत्तर मैलांवर नेणार होते. आमच्या गावात जिवंतपणीसुद्धा कुणी विनाकारण सत्तर मैल जात नाही. विक्रीची मुदत मार्चअखेरच्या शुक्रवारपर्यंत होती. नापास झालं की पुढचे तीन महिने परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. ते तीन महिने भरत होते त्याच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी. म्हणजे संधी एकच.

म्हणून लव्हॉन स्टोल्झबाईंकडे गेली.

व्हर्नेटा स्टोल्झबाईंनी गावच्या शाळेत अडतीस वर्षं साहित्य शिकवलं होतं. सत्तावीस ते अडुसष्ट वयाचा गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेला होता, आणि अजूनही दुकानात त्या समोर आल्या की शर्ट आत खोचत होता.

"क्रूगर," बाई म्हणाल्या, "शाळेत होतीस तेव्हाही तू असलीच होतीस. मांजरावरच्या कवितेत तुला मेलेलं मांजर दिसायचं."

"बाई, मला सगळीकडे तेच दिसतं. काय करू?"

"माणूस जे बोलतो ते वाचू नकोस. जे बोलायचं टाळतो ते वाच. आणि रोज एक कविता घे, तिच्यावर स्वतः प्रश्न काढ. पाच पर्याय लिही. चार खोटे पर्याय लिहिताना घाम फुटला की समजायचं, कविता कळायला लागली."

लव्हॉनला कविता शोधायला लांब जायची गरज नव्हती. आमच्याकडे अंत्यप्रार्थनेच्या वेळी स्मृतिपत्रिका वाटतात, त्या लव्हॉनच छापायची. आत माणसाचा फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि घरच्यांनी आणून दिलेली एखादी कविता. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे म्हाताऱ्यांचा हंगाम असतो. लव्हॉन प्रत्येक पत्रिकेची एक प्रत संगणकावर वेगळी ठेवायची, नावापुढे 'अभ्यास' असं लिहायची आणि कवितेखाली आपला प्रश्न टाकायची. मार्चपर्यंत तिला माणसं न बोलता काय म्हणतात ते थोडंथोडं दिसायला लागलं. त्याने तिची झोप उडाली, पण सरावात गुण वाढले.

आणि मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी स्टोल्झबाईंचे यजमान गेले.

डेलमार स्टोल्झ धान्याच्या कोठाराचे व्यवस्थापक होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून आमच्या गावात त्यांच्याबद्दल जिवंतपणीही कुणी काही बोललं नाही. फक्त एवढंच सांगतो, की फार वर्षांपूर्वीच्या एका शरद ऋतूत त्यांनी बाईंच्या कवितांच्या वह्या परसातल्या कचरा जाळायच्या पिंपात घातल्या. त्या दिवशी वारा होता. जळक्या कागदाचे तुकडे चार घरांच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवर येऊन बसले, आणि काहींवर बाईंचं वळणदार अक्षर होतं. बायकांनी ते झटकले आणि कपडे पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या, त्यांनी फळा पुसला आणि धडा पुढे सुरू केला. त्यानंतर ते पिंप थंड असं फारसं कुणाला दिसलं नाही. बाईंची पत्रं, मासिकं, एकदा त्यांची गवताची टोपी. सगळ्या गावाने धूर पाहिला, आणि सगळ्या गावाने झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प राहणं पसंत केलं.

बुधवारी बाई पत्रिकेचा मजकूर घेऊन आल्या. फोटो, तारखा आणि एका कागदावर सहा ओळी.

"कुणाची कविता बाई?"

"माझी," बाई म्हणाल्या. "छाप."

लव्हॉनने ती टंकली.

तुझी खुर्ची रिकामी आहे.
तुझा कप कपाटात आहे.
मागच्या पिंपातून धूर येत नाही.
मी खिडकी उघडली.
वारा आत आला,
कुणालाही न विचारता.

बाई गेल्यावर लव्हॉनने त्या सहा ओळी तीनदा वाचल्या. मग परीक्षा आठ दिवसांवर आलेल्या विद्यार्थिनीने जे करायचं तेच तिने केलं. एक प्रत वेगळी काढली, 'स्टोल्झ अभ्यास' असं नाव दिलं आणि खाली लिहिलं:

प्रश्न १. कवितेत बोलणाऱ्या व्यक्तीच्या मनात गेलेल्या माणसाबद्दल मुख्यतः कोणती भावना आहे? (अ) गाढ शोक (ब) कृतज्ञता (क) सुटका (ड) पश्चात्ताप (इ) अभिमान.

चार खोटे पर्याय लिहिताना तिला खरंच घाम फुटला.

शुक्रवारी ती फुलं आणायला शेजारच्या गावी गेली, आणि इकडे मालकांना वाटलं, पोरगी अभ्यासाने शिणली आहे, आपण थोडा हातभार लावू. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्यांनी संगणकावर 'स्टोल्झ' वाचलं, त्याच्या पुढचं काही त्यांना दिसलं नाही. दोनशे प्रती छापल्या. थरथरत्या हातांनी एकेक घडी घातली, पेटीत भरल्या आणि पेटी चर्चमध्ये पोचवूनही आले. लव्हॉन परतल्यावर म्हणाले, "पत्रिकांचं बघू नकोस. झालंय ते." तिला इतकं भरून आलं, की तिने त्यांना कॉफी करून दिली.

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. लव्हॉन रिवाजाप्रमाणे सगळ्यात मागे भिंतीशी उभी होती. तरुण पाद्री डेलमारच्या काटकसरीबद्दल बोलत होता. तेवढ्यात तिला एक बारीक आवाज ऐकू आला. प्रत्येक बाकापुढच्या फळीला देणगीच्या पाकिटांसोबत छोट्या पेन्सिली खोचलेल्या असतात. एकाने पेन्सिल काढली. मग शेजारच्याने. मग सगळ्या रांगेने. आवाज पुढे पुढे सरकत गेला आणि दीडशेच्या वर डोकी एकाच वेळी खाली झुकली.

लव्हॉनने हातातली पत्रिका पहिल्यांदाच उघडली. आत कवितेखाली तिचा प्रश्न छापलेला होता.

लोकांची चूक नव्हती. स्टोल्झबाईंच्या समोर बसलोय, हातात छापील प्रश्न आहे, पुढ्यात पेन्सिल आहे. अशा वेळी काय करायचं हे त्यांच्या हाडात चौदाव्या वर्षीच भिनलं होतं. दुःख बाजूला राहिलं. पहिल्यांदा प्रत्येकाने उजव्या कोपऱ्यात नाव आणि तारीख लिहिली.

लव्हॉन वाकून, चवड्यांवर चालत शेवटच्या बाकापाशी गेली. तिथे रॉस्को बेकर होता, सहासष्ट वर्षांचा शेतकरी.

"रॉस्को, ती पत्रिका दे इकडे. छपाईत चूक झालीय."

रॉस्कोने हाताने कागद झाकला. "अजून झालं नाही माझं."

"अरे, ते सोडवायचं नाहीये!"

"मग प्रश्न कशाला दिलाय?" रॉस्को कुजबुजला. "आणि सरक तिकडे, बाईंना वाटेल तू मला सांगतेयस."

पुढच्या बाकावरून त्याची बहीण वळली. "लव्हॉन, चुकीला गुण कापतात का गं?"

"एकच खूण करायची की दोन चालतील?" तिच्या पलीकडून कुणीतरी विचारलं.

लव्हॉनला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती तीन रांगा पुढे गेली. कुणी कागद सोडेना. शेरीफ मान लांब करून बँकवाल्याच्या कागदात बघत होता. पाद्र्याला वाटलं, आपल्या शब्दांनी माणसं हेलावली. त्याने काटकसरीचा मुद्दा आणखी दहा मिनिटं वाढवला. पहिल्या बाकावर, शवपेटीपासून चार हातांवर, स्टोल्झबाईंचं डोकंही खाली झुकलेलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. लव्हॉनने ते बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. पन्नास वर्षांचा संसार केलेली बाई नवऱ्याच्या पेटीसमोर रडतेय, आणि मी तिच्या मागे दीडशे माणसांना विचारलंय, हिला सुटल्यासारखं वाटतंय का?

प्रार्थना संपली. दाराशी सांत्वनपत्रांसाठी टोपली ठेवली होती. स्टोल्झबाई पेपर घेतल्याशिवाय कधी कुणाला वर्गाबाहेर सोडत नसत. बाहेर पडताना एकेकाने पत्रिका उभी घडी घालून टोपलीत टाकली आणि मगच बाईंचा हात हातात घेतला.

तळघरात जेवण होतं. हॅमचे पाव, चीज घालून भाजलेले बटाटे, गाजर घातलेली हिरवी जेली. लोक पाव चावत हळू आवाजात विचारत होते, "तुझं काय आलं?" आणि लगेच, "नको, सांगू नकोस." लव्हॉन टोपली उचलायला वर धावली. टोपली बाई घेऊन गेल्या होत्या.

 रविवारी संध्याकाळी मालक म्हणाले, "सत्तावन्न वर्षांत या हातून कधी पेटी पडली नाही, कधी नाव चुकलं नाही. आणि शेवटी मी एका विधवेच्या हातात तो कागद दिला."

"चूक माझी आहे, मालक. फाइल माझी होती."

"छापली मी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, जणू त्याचा आता काही उपयोग नव्हता. "उद्या ओमाहावाल्यांना बोलावतो. सही करून टाकतो. बाई मंडळाकडे तक्रार करतील, मग तुला साठ काय, सहाशे क्रेडिट असले तरी परवाना कोण देणार?"

 लव्हॉनने अभ्यासाचं पुस्तक कपाटात, उरलेल्या अस्थिकलशांच्या मागे ठेवून दिलं.

सोमवारी सकाळी नऊला दार उघडलं. स्टोल्झबाई आत आल्या. अंगात काळा कोट, हातात रबराने बांधलेला पत्रिकांचा गठ्ठा. मालक उठून उभे राहिले.

"बाई, मी... आम्ही कोणत्या तोंडाने..."

"बसा, एल्डन. तुम्ही माझ्या वर्गात नव्हता, तुमचा काही संबंध नाही." बाईंनी गठ्ठा लव्हॉनपुढे ठेवला. "प्रश्न तुझा ना?"

"हो बाई." लव्हॉनचा आवाज शाळेतल्यासारखा झाला.

"मुख्यतः, हा शब्द घातलास. चांगलं केलंस. पर्याय इ कमकुवत आहे. बघ."

लव्हॉनने रबर काढलं. प्रत्येक पत्रिका लाल शाईने तपासलेली होती. डेलमारच्या हसऱ्या फोटोशेजारी बरोबरची खूण. पुढची, बरोबर. तिच्या पुढची, बरोबर. क, क, क. रॉस्को बेकर, क. त्याची बहीण, क. शेरीफ, क, त्याने बँकवाल्याचं बघून लिहिलं होतं आणि घाईत नावही बँकवाल्याचंच उतरवलं होतं. बाईंनी तिथे 'भेटून जाणे' असा शेरा मारला होता. डेलमारच्या सख्ख्या भावाने क वर इतक्या जोरात खूण केली होती, की कागद फाटला होता.

"एकशे त्रेसष्ट पेपर," बाई म्हणाल्या. "एकशे बासष्ट बरोबर. अडतीस वर्षांत कुठल्या वर्गाचा असा निकाल लागला नव्हता."

बाईंनी हातमोजे काढले, परत घातले.

"मला वाटायचं, या गावाला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी हसून सांगत आले, डेलमारला पसारा आवडत नाही. लोक मान डोलवायचे. मला वाटायचं, बरं झालं, यांना कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं, लव्हॉन. मीच शिकवलं होतं त्यांना. एकानेही कधी दार वाजवलं नाही."

 त्या धुवून पुन्हा वाळत घातलेल्या कपड्यांपैकी काही लव्हॉनच्या आईचे होते.

"आणि तो एक चुकलेला?" मालकांनी विचारलं. त्यांना शांतता सहन होत नसे; धंद्यात राहूनही ती सवय झाली नव्हती.

बाईंनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची पत्रिका ओढून काढली. अ वर स्वच्छ, वळणदार खूण. गाढ शोक. त्याच्यावर लाल फुली. उजव्या कोपऱ्यात नाव: व्हर्नेटा स्टोल्झ.

"पहिल्या बाकावर बसले होते. प्रश्न दिसला, पेन्सिल घेतली. विचारसुद्धा केला नाही, हात आपोआप अ कडे गेला." बाई अगदी हळू बोलल्या. "कविता माझी. सगळा गाव पास झाला. मी एकटी नापास."

लव्हॉनने आजवर हजारो माणसांना रुमाल दिले होते. त्या सकाळी तिला रुमालाची पेटी सापडेना.

"बाई, मला माफ करा. मी गुरुवारी जात नाही. नाहीतरी मालक आज सही करतायत."

"कसली सही?" बाई गर्रकन वळल्या. मालक नजर चुकवायला लागले. "एल्डन, सही शुक्रवारी होईल नाहीतर होणार नाही. मला सत्तर मैलांवर जाऊन अनोळखी माणसाकडून पुरून घ्यायचं नाही. आणि क्रूगर, पुस्तक कुठाय? काढ. आज गद्य उतारे."

पुस्तक कलशांच्या मागून निघालं. बुधवारपर्यंत बाईंनी तिला रगडून घेतलं.

गुरुवारी लव्हॉन दीड तास गाडी हाकून कॉलेजच्या केंद्रावर पोचली. खिसे रिकामे करायला लावून तिला एका कपाटाएवढ्या कप्प्यात बसवलं. अठ्ठ्याहत्तराव्या प्रश्नात एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. पहिलाच पर्याय होता, अपार दुःख. लव्हॉनचं बोट सवयीने तिकडे गेलं. मग तिला पहिल्या बाकावरचं झुकलेलं डोकं आठवलं, आणि तिने ओळी पुन्हा वाचल्या. ती बाई शर्टांच्या नुसत्या घड्या घालत नव्हती, ते खोक्यात भरत होती, आणि खोक्यावर आधीच कुणा दुसऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. लव्हॉनने बोट हलवलं.

निकाल लगेच पडद्यावर आला. एकावन्न.

शुक्रवारी ओमाहाचा माणूस करार घेऊन आला आणि कॉफी पिऊन परत गेला. एप्रिलमध्ये मंडळाचं पत्र आलं. मे महिन्यात मालकांनी मोतीबिंदू काढून घेतले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर ती पत्रिका नीट वाचली. मग दिवसभर ते मागच्या खोलीत पेट्या पुसत बसले होते. गावात त्या शनिवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण बाईंच्या परसातलं पिंप एका दुपारी रॉस्को बेकर न विचारता ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेला. उशीर झाला होता, पन्नास वर्षांचा, पण नेलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात लव्हॉन संचालकाच्या खुर्चीत बसली होती. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर गव्हाची कापणी चालली होती. स्टोल्झबाई आत आल्या आणि समोर बसल्या. अंगावर पिवळा झगा होता. तो गावात कुणी पाहिलेला नव्हता.

"तुमच्या अंत्यविधीची नोंद करायचीय का बाई?" लव्हॉनने फॉर्म पुढे केला. आमच्याकडे शहाणी माणसं ते आधीच ठरवून ठेवतात.

"ते नंतर. नापास झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा बसता येतं म्हणालीस?"

"तीन महिने."

"काल झाले." बाईंनी पर्समधून चर्चच्या बाकावरची छोटी पेन्सिल काढली. "कोरी पत्रिका आहे का एखादी?"

छापलेल्या दोनशेतल्या सदतीस उरल्या होत्या. फेकायच्या म्हणून लव्हॉनने त्या तीनदा उचलल्या होत्या आणि तीनदा परत ठेवल्या होत्या. तिने एक काढून दिली, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि शिष्टाचार म्हणून खिडकीकडे तोंड केलं. मागे बराच वेळ काही आवाज झाला नाही. मग पेन्सिल एकदा टेकली. थोड्या वेळाने पुन्हा, वर, उजव्या कोपऱ्यात.

"झालं," बाई म्हणाल्या. "तपास."

खूण क वर होती.  लव्हॉनने खणातलं लाल पेन काढलं आणि आपल्या आयुष्यातली पहिली बरोबरची खूण केली, चांगली मोठी, डेलमारच्या फोटोवरून पार गेलेली.

बाईंनी पत्रिका घेतली, चष्म्याखालून पाहिली, उभी घडी घातली.

"बरोबरची खूण लहान करायची, क्रूगर," त्या उठता उठता म्हणाल्या. "नाहीतर मुलं शेफारतात."